‘लर्निंग’ आणि ‘चेंज’ यांच्या मधला ‘आणि’

माझा चुलतभाऊ शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. रविवारी सकाळी पोहे परतत होते तेव्हा त्याचा फोन आला, म्हणजे त्याच्याकडे शनिवारची रात्र. “ताई, पोरीनं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ठरवलंय. लर्निंग अँड ऑर्गनायझेशनल चेंज. एवढी फी भरून चार वर्षं हे शिकणार! कॉम्प्युटर सायन्स म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे काय? आणि मलाही माहीत नाही.”

मी एका सहकारी बँकेत आयुष्य काढलं, शेवटची काही वर्षं प्रशिक्षण विभागात. त्यामुळे असल्या नावाच्या गोष्टी मला कळत असणार असा घरात समज आहे. थोड्या कळतात. बऱ्याचशा उशिरा कळल्या, निवृत्तीनंतर वाचून.

आधी नाव सोडवू. ‘ऑर्गनायझेशन’ला ‘संघटना’ म्हटलं की आपल्याला मोर्चा आणि लाल बावटा आठवतो, म्हणून ‘संस्था’ म्हणते. चार माणसं एका कामासाठी रोज एकत्र येतात आणि त्यांच्यात कामाची वाटणी असते, ती संस्था. मग ती गिरणी असो, रुग्णालय असो, शाळा असो. अशा संस्थेला आपली कामाची रीत बदलायची वेळ आली, की आतल्या माणसांना काय नव्यानं शिकावं लागतं, काय सोडावं लागतं आणि हे सगळं इतक्या वेळा फसतं का, हा या विषयाचा गाभा. नावातला ‘आणि’ फार महत्त्वाचा आहे. शिकणं हा एक विषय आणि बदल हा दुसरा, असं नाही. संस्थेतला बदल म्हणजे मुळात शिकण्याचाच प्रश्न, अशी या विषयाची भूमिका आहे.

पोरगी जिथे जाणार ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ इव्हान्स्टनला आहे, शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावर. तिथे हा विषय मॅनेजमेंटच्या इमारतीत शिकवत नाहीत. तो ‘स्कूल ऑफ एज्युकेशन अँड सोशल पॉलिसी’मध्ये आहे, म्हणजे जिथे शिक्षक तयार होतात तिथे. या विद्यापीठाचं केलॉग हे व्यवस्थापनाचं नामांकित स्कूल आहे, पण पदवीच्या पातळीवर बिझनेस हे मेजर तिथे मिळत नाही. त्यामुळे पुढे कंपन्यांत जायचंय अशी बरीच मुलं इकडे वळतात. काहींसाठी ही मागच्या दारानं केलेली बीबीए असते, हे मान्य करायला हरकत नाही. पण शिक्षणशास्त्राच्या घरात राहिल्यामुळे या विषयाला वेगळं वळण लागलं. १९८९ साली कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारे रॉजर शँक नॉर्थवेस्टर्नला आले आणि त्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर द लर्निंग सायन्सेस’ सुरू केली. तिच्यामागे पैसा होता अँडरसन कन्सल्टिंगचा; ही कंपनी आज ॲक्सेंचर या नावानं आपल्याला माहीत आहे. माणूस शिकतो कसा हा प्रश्न शाळेइतकाच कंपनीचाही आहे, हे तिथे तेव्हापासून गृहीत आहे.

आता माझ्या बँकेची गोष्ट सांगते. बँकेचं नाव नको.

कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच संगणकप्रणालीवर, आलं तेव्हा आम्हाला एका मंगल कार्यालयात बसवून तीन दिवस प्रशिक्षण दिलं. पडद्यावर एकामागून एक स्क्रीन, कुठलं बटण दाबलं की काय उघडतं, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र. सोमवारी शाखा नव्या पद्धतीवर उघडली आणि नेमकी ती पेन्शनची तारीख होती. रांग रस्त्यापर्यंत गेलेली. आमच्याकडे लेजरवर एक ज्येष्ठ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. बॅलन्सिंगला दोन पैशांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसून तो शोधणारे. सही नुसती बघून ‘हे कुलकर्णी नव्हेत’ म्हणणारे. तो माणूस त्या दिवशी दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाला गिऱ्हाइकांसमोर विचारत होता, “अरे, मागे जायचं कसं?”

पुढे अण्णांनी ड्रॉवरमध्ये एक वही ठेवली आणि संगणकाच्या जोडीनं तीही लिहायला लागले. तपासणीत वही सापडली. मेमो मिळाला. वर्षभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वरून निष्कर्ष आला, “जुनी माणसं बदलायला तयार नसतात.” पुढे प्रशिक्षण विभागात गेल्यावर मीही हेच वाक्य बऱ्याच वर्गांत म्हटलंय.

या वाक्याची तपासणी फार पूर्वी होऊन गेली होती, हे मला माहीत नव्हतं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. कामगार बहुतेक बायका आणि पगार नगावर. फॅशन बदलली की कामात बारीकसारीक बदल व्हायचे आणि दर वेळी तेच घडायचं. उत्पादन पडायचं, कुरबुर वाढायची, बायका नोकरी सोडून जायच्या. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी याचा अभ्यास केला आणि १९४८ साली तो छापला. त्यांना आकडेवारीत एक विचित्र गोष्ट दिसली. अगदी नवी बाई काम शिकायला जेवढा वेळ घेई, त्याहून जास्त वेळ जुन्या अनुभवी बाईला बदललेलं काम शिकायला लागत होता. काम अवघड असतं तर नव्या बाईला जास्त वेळ लागला असता. म्हणजे अडचण हातांत नव्हती.

त्यातल्या एका गटाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. या बायका इस्त्री करून अर्धा-अर्धा डझन पायजमे पुठ्ठ्यावर रचत असत. बदल एवढाच होता की पुठ्ठ्याऐवजी आता खोक्यात रचायचे. बस्स! या गटाला बोलावून सांगितलं गेलं: बाजारात स्पर्धा आहे, म्हणून हा बदल, हा नवा दर, काही शंका? शंकांना उत्तरंही दिली. नेहमीची रीतसर सभा. पहिल्या चाळीस दिवसांत या गटातल्या १७ टक्के बायका काम सोडून गेल्या आणि बाकीच्यांचं उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही.

दुसऱ्या काही गटांत मात्र आधी दोन हुबेहूब कपडे समोर ठेवले. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती. महाग कुठला ते ओळखा म्हटलं, कोणालाच ओळखता येईना. मग खर्च कुठे कमी करता येईल यावर सगळ्यांनी मिळून बोलायचं, नव्या कामाची रीत आणि दर ठरवण्यात भाग घ्यायचा. या गटांचं उत्पादन थोडं पडलं, काही दिवसांत सावरलं आणि पुढे आधीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वर गेलं. एकही बाई सोडून गेली नाही. खरी कमाल पुढे आहे. पहिल्या फसलेल्या गटातल्या उरलेल्या बायकांना अडीच महिन्यांनी पुन्हा दुसऱ्या कामावर बदललं, पण या वेळी त्यांना बरोबर घेऊन. त्यांनीही झपाट्यानं वेग पकडला. बायका त्याच होत्या.

गट लहान होते, आणि एका कारखान्यावरून जगाचा नियम काढू नये असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो रास्तच आहे. तरी ‘माणसं बदलाला विरोध करतात’ हे वाक्य त्यानंतर पूर्वीइतक्या सहज बोलता येत नाही. नगावर काम करणाऱ्या बाईचा वेग हीच तिची कमाई आणि तिचा मान. एका सभेत ती दोन्ही काढून घेतली जातात, आणि काय गेलं हे सांगायला तिला कोणी बोलावलेलं नसतं.

हारवुडच्या या कामामागे कर्ट लेव्हिन यांची विचारधारा होती. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली अमेरिकेत आलेले हे मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात मांसाची टंचाई झाली तेव्हा अमेरिकी गृहिणींना काळीज, गुरदे असले अवयव रांधायला कसं राजी करावं हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं: पोषण, देशभक्ती, पाककृती, सगळं. काही गटांना चर्चा करू दिली आणि शेवटी ‘करून बघणार का’ यावर हात वर करायला सांगितलं. नंतर चौकशी केली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी असलं काही रांधलं होतं, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. मी मंगल कार्यालयातल्या किती व्याख्यानांची सोय केली असेल, याचा हिशेब हे वाचल्यावर मनात आलाच.

लेव्हिनचं नाव आज वेगळ्याच गोष्टीसाठी घेतात: बर्फ वितळवा, आकार बदला, पुन्हा गोठवा. सल्लागार मंडळींच्या सादरीकरणात हे चित्र असतंच. लेव्हिननं ते जेवढं मांडलं त्याहून पुढच्या लोकांनी ते फुगवलं. मला ते फारसं उपयोगी वाटत नाही, कारण माणूस बर्फासारखा मुकाट्यानं वितळत नाही.

आणि माणूस एकटाही नसतो. माझ्या भावाची शिकागोला जाणारी लोकल वाटेत सिसेरोला थांबते. तिथे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न नावाचा टेलिफोनची यंत्रं बनवणारा प्रचंड कारखाना होता. त्याचा एक मनोरा आजही उभा आहे. १९२४ ते १९३२ या काळात तिथे प्रयोग झाले. दिव्याचा उजेड कमी-जास्त केला तर काम वाढतं का, यापासून सुरुवात झाली. त्यातले बरेच निष्कर्ष पुढे वादात सापडले. पण शेवटचा एक भाग मला टिकाऊ वाटतो. तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांचं एका खोलीत निरीक्षण केलं. दिवसाला किती काम ‘पुरे’ हे त्यांनी आपापसांत ठरवलेलं होतं, कंपनीचं इनाम काहीही असो. कोणी जास्त भराभर हात चालवला की शेजारचा त्याच्या दंडावर एक गुद्दा मारायचा. या गुद्द्याला त्यांच्यात नावही होतं, ‘बिंगिंग’. कंपनीच्या नियमपुस्तकात हा गुद्दा कुठेच नव्हता, पण काम किती होणार ते तोच ठरवत होता. बदलाचा आराखडा कागदावर करणाऱ्यानं आधी आपल्या संस्थेतला असा गुद्दा शोधावा.

एवढं झालं ‘चेंज’चं. ‘लर्निंग’च्या बाजूला या मुलांना शिकवतात की शिकणं म्हणजे माहिती डोक्यात भरणं नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांकडची उमेदवारी पाहिली. तिथला पोऱ्या कापड कापण्यापासून सुरुवात करत नाही. तो उलट्या टोकानं येतो: आधी बटणं, तुरपाई, इस्त्री, मग शिवण, आणि सगळ्यात शेवटी कातर हातात. बटण लावता लावता पूर्ण कपडा रोज त्याच्या हातून जातो, म्हणून कापायची वेळ येते तेव्हा कुठला तुकडा कुठे बसणार ते त्याला ठाऊक असतं. आणि सुरुवातीची चूक स्वस्तात पडते. लेव्ह आणि एटियेन वेंगर यांनी १९९१ साली यातून मांडणी केली की शिकणं म्हणजे कामकरी मंडळींच्या कडेकडेनं आत जाणं. आपल्याकडे दादर-परळच्या शिंप्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग दुसरं कसं शिकणार? पण आमच्या बँकेनं अण्णांना पहिल्याच दिवशी कातर दिली होती, तीही गिऱ्हाईक समोर उभं करून.

संस्थाही शिकते का? संस्थांचे अभ्यासक ख्रिस अर्गिरिस यांनी यासाठी थर्मोस्टॅटचं उदाहरण दिलं. आपल्या घरातला गीझर घ्या. पाणी ठरल्यापेक्षा थंड झालं की तो चालू होतो, तापलं की बंद. चूक दिसली, दुरुस्त केली: हे एकपदरी शिकणं. पण मे महिन्यात इतकं गरम पाणी हवंच कशाला, हा प्रश्न गीझरला पडत नाही. ठरलेल्या आकड्यालाच प्रश्न विचारणं हे दुपदरी शिकणं. अण्णांना मेमो देणं एकपदरी होतं. त्या माणसाला वही का लागते, असं विचारणं दुपदरी झालं असतं.

असे प्रश्न न विचारण्यामागे भीती असते. एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या गटांत चुका कमी असतील. आकडे उलटे आले: चांगल्या गटांत चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या! उलगडा असा की तिथल्या परिचारिका चूक झाल्यावर बोलत होत्या, इतर ठिकाणी ती झाकली जात होती. आपल्या ‘शून्य तक्रारी’च्या अहवालांकडे मी तेव्हापासून संशयानं बघते.

या सगळ्यात आपल्या बाजूची एक मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्याकडेच फारशी कोणी सांगत नाही. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राईस अहमदाबादला आले, कॅलिको मिलमध्ये. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यात होतं. मिलनं नवे स्वयंचलित साचे, म्हणजे कापड विणायचे माग, बसवले होते, पण कापड ना पुरेसं निघत होतं ना चांगलं. राईस यांनी साचेखात्यात उभं राहून बघितलं. २२४ साचे, २९ माणसं आणि त्यांची बारा प्रकारची कामं. विणकर वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, तेलवाला वेगळा. कागदावर ही वाटणी चोख. पण एक साचा बंद पडला की तीन-चार जणांनी येईपर्यंत तो तसाच, आणि हे तिघे-चौघे आणखी कितीतरी साच्यांना बांधलेले. एका साच्याकडे बघून ‘हा आमचा’ म्हणणारं कोणीच नव्हतं.

राईस यांनी कल्पना मांडली की एका गटाकडे ठरावीक साचे पूर्णपणे सोपवावेत आणि आतली वाटणी गटानंच करावी. ते चर्चा करत बसले आणि कामगारांनी व जॉबरनी, म्हणजे मुकादमांनी, ती कल्पना उचलून आपली माणसं आपणच निवडून गट बांधूनही टाकले. सात-सात जणांचे. सुरुवातीला धडपड झाली, मग उत्पादनही सुधारलं आणि खराब मालही घटला. मला यात राईस यांच्या हुशारीपेक्षा त्या कामगारांची घाई जास्त आवडते. वाट बघत असल्यासारखे!

पण गोष्ट इथे संपवली तर फसवणूक होईल. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० मध्ये परत बघायला आले. एका खात्यात ती पद्धत बरीचशी टिकली होती. पण जिथे ती पहिल्यांदा झाली त्या स्वयंचलित साच्यांच्या खात्यात जुनी रीत पुष्कळशी परतली होती. बाजार बदलला, माल बदलला, गटांना सांभाळणारे अधिकारी बदलले.

मुंबईतही १९७०च्या दशकात अहमदाबादच्या आयआयएमचे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी अभ्यास करून माणसांच्या विकासाचा स्वतंत्र विभाग सुचवला. आज दर कंपनीच्या दारावर दिसणाऱ्या ‘एचआरडी’ या पाटीची आपल्याकडची सुरुवात तिथली. पाटी सर्वत्र पोचली, मागचा विचार किती पोचला ते ज्यानं त्यानं आपल्या हापिसात बघावं.

भावाच्या व्यावहारिक प्रश्नांकडे येते. अभ्यासात मानसशास्त्र, समाजशास्त्र, संस्थांचे सिद्धांत असतात, आणि मुलाखत कशी घ्यावी, निरीक्षण कसं टिपावं, आकडे कसे वाचावेत हे संशोधनाचं शिक्षण असतं. शिवाय प्रॅक्टिकम: एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम आणि त्याच्या जोडीला त्या कामावर विचार करणारा वर्ग. मला विचाराल तर फी वसूल होते ती इथे. पुढे मुलं सल्लागार कंपन्यांत, एचआरमध्ये, कर्मचारी प्रशिक्षणात, शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थांत जातात, काही कायद्याकडे.

दोष सांगायचा तर हा विषय बोलघेवड्या मुलांना फार सोयीचा आहे. पाच इंग्रजी शब्द शिकून कोणत्याही बैठकीत चमकता येतं. म्हणून सोबत आकडेशास्त्र किंवा संगणकाचं काहीतरी टणक घ्यावं, असं मी भावाला सांगितलं. त्याची मुलगी तिथलीच नागरिक आहे, पण इथून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पदवीनंतर तिथे काम करायची मुभा म्हणजे ओपीटी साधारण बारा महिन्यांची असते, आणि ‘स्टेम’ यादीतल्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित अशा विषयांना वर चोवीस महिने मिळतात. आपलं मेजर कोणत्या वर्गात मोडतं हे विद्यापीठाला प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावं.

भावाचं समाधान झालं की नाही कोण जाणे. तो “बरं, बरं” म्हणाला आणि फोन पोरीकडे दिला. ती इतका वेळ स्पीकरवर ऐकत होती.

“आत्या, त्या वहीत काय होतं?”

मला क्षणभर समजेना. मग आठवलं. ती वही मी पाहिली होती, तपासणीनंतर ती माझ्याच टेबलावर पडून होती. नावं आणि खातेक्रमांक यांच्यापुढे अण्णांच्या बारीक अक्षरात: यांचा हात थरथरतो, सही हलते, परत पाठवू नये. यांना वाचता येत नाही, रक्कम मोठ्यानं सांगावी. यांचा मुलगा पैसे काढायला येतो, बाईंना विचारल्याशिवाय देऊ नयेत. नव्या स्क्रीनवर यातल्या एकाही गोष्टीसाठी जागा नव्हती.

“आणि हे काय आहे असं त्यांना कोणी विचारलं नाही?”

“नाही,” मी म्हटलं. “मीही नाही.”